माझ्या दंडावरचा मळ

तीन वर्षं मी बॉयलरवाल्याला विनाकारण शिव्या घातल्या. तो बिचारा आता निवृत्त होऊन गावी कांदे लावतो. त्याची आधी माफी मागते, मग पुढचं सांगते.

मोक्पो शहरात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचा बायकांचा हमाम आहे. आत गरम पाण्याच्या हौदांच्या पलीकडे गुलाबी रेक्झिनची दोन टेबलं आहेत, त्यातलं खिडकीकडचं माझं, दुसरं माझ्या जोडीदारणीचं. बायका अर्धा तास हौदात भिजतात, कपाटाची किल्ली माझ्या खुंटीवर अडकवतात आणि नंबर आला की टेबलावर येऊन पडतात. मी खरखरीत हिरवा मोजा हातात चढवते आणि मानेपासून टाचेपर्यंत त्यांचा मळ काढते. नीट भिजलेल्या बाईच्या अंगावरून मळाच्या शेवया अशा सुटतात की तिची तिलाच लाज वाटते. पाठीवर एक चापट मारली की तिने कुशीवर व्हायचं, दुसरी मारली की पालथं. बोलावं लागत नाही. माझं नाव पिल-सून, पण त्या नावाने घरचे आणि मालकीण सोडली तर कुणी हाक मारत नाही. गिऱ्हाइकांची मी मावशी.

या धंद्यात गणवेश म्हणजे काळ्या अंतर्वस्त्रांचा जोड. एक्कावन्नाव्या वर्षी, एवढं पोट घेऊन, मी दिवसभर तेवढ्यावर वावरते. गिऱ्हाईक तर तेवढ्यावरही नसतं. त्यामुळे लाज या विषयावर मला कुणी शिकवू नये असं मला वाटायचं. ती घमेंड कशी उतरली, त्याचीच ही हकीकत आहे.

तर बॉयलरवाला. हौदाचं पाणी बेचाळीस अंशांवर ठेवायचं असतं. मी मध्येच घामाने निथळायला लागायचे, कानांतून वाफा निघायच्या, की मी पाइपवर बादली आपटून ओरडायचे, "आज पंचेचाळीस केलंस ना रे?" तो खालून तापमापक घेऊन यायचा आणि दाराच्या फटीतून दाखवायचा. बेचाळीस. मी म्हणायचे तापमापक बिघडलाय. त्याने स्वतःच्या खिशातून नवा आणला, मी म्हटलं हा पण बिघडलेलाच दिला दुकानदाराने. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अख्खी इमारतच वाकडी ठरवली होती. बाकीच्या बायकांना उष्णतेचा झटका आला की निदान कळतं. मी दिवसाचे बारा तास वाफेत, मला कसं कळणार कुठली वाफ हमामाची आणि कुठली माझी?

मग एका मंगळवारी, हमाम बंद असताना, घरी जेवायला बसले होते. बाहेर बर्फ. खिडकी सताड उघडी, कारण ती मीच उघडलेली. समोर माझा नवरा तक-सू जाडजूड जाकीट आणि लोकरीची टोपी घालून सूप पीत होता. माझ्या हनुवटीवरून घाम टपकला तो भातात.

त्याने चमचा खाली ठेवला. "अगं," तो म्हणाला, "इथे कुठला बॉयलर?"

मी त्याला वाटेल ते बोलले. पण भांडी विसळताना हिशेब लागला. पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. पाळी गेली, कटकट मिटली, एवढंच मी समजून चालले होते.

तरीही डॉक्टरकडे गेले नाही. गेले ती पांग आजीमुळे. पांग आजी ब्याऐंशीची, दर गुरुवारी येते, आणि तिच्या आवाजाला भिंती पुरत नाहीत. वसंतातल्या एका गुरुवारी तिची उजवी बाजू घासून झाली होती. मी चापट मारली, ती उजव्या कुशीवर वळणार, तेवढ्यात माझ्या छातीतून अशी काही आग वर चढली की मी मोजा टाकला आणि तशीच जाऊन थंड पाण्याच्या हौदात बसले. किती वेळ बसले देव जाणे. परत आले तर आजी टेबलावर उठून बसलेली आणि एक हात वर करून सगळ्यांना दाखवत होती. "बघा गं बायांनो, उजवीकडून नवरी, डावीकडून सासू."

हमामभर हसू फुटलं. हसली नाही ती फक्त योम मालकीण. ती गल्ल्यावर बसते, हातात बाराही महिने प्लॅस्टिकचा पंखा, आणि डोळा आमच्या दोघींच्या टेबलांवर.

"पिल-सून, या महिन्यात हे तिसऱ्यांदा," ती म्हणाली. "माझी भाची ग्वांगजूहून काम शिकून आलीय. तिला मी सांगून ठेवलंय, थांब म्हणून. किती दिवस थांबवू ते तू सांग."

मला घाम फुटला, आणि या वेळी तो नुसता भीतीचा होता. कारण हे मी आधी पाहिलं होतं. माझ्याआधी या टेबलावर योंग-जा ताई होती. मोजा कसा धरायचा इथपासून सगळं तिनेच मला शिकवलं. "आधी नीट भिजू दे," ही तिची पहिली शिकवण. "न भिजलेल्याला घासलंस तर मळ नाही, कातडं निघतं." बावन्नाव्या वर्षी ताई एक दिवस म्हणाली, मला आता ही उष्णता सोसत नाही, आणि टेबल सोडून गेली. आम्ही म्हणालो, आळशी झाली. आम्ही म्हणजे जास्त करून मीच. तिचं टेबल मला हवं होतं ना. ताई तेव्हापासून घरी बसून हॉटेलांसाठी लसूण सोलते आणि नऊ वर्षांत हमामाची पायरी चढलेली नाही.

डॉक्टर मिन यांचा दवाखाना नव्या वस्तीत आहे. पांढरी फरशी, लिंबाचा वास, आणि काउंटरवर नखं रंगवलेली एक मुलगी. तिने अर्ज भरताना चार बायकांदेखत विचारलं, "काम काय करता?"

दिवसभर उघड्या अंगाने वावरणारी मी, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. शेजारी मोत्याचे कानातले घातलेली बाई बसली होती. मी म्हटलं, "त्वचेची निगा."

खोटं थोडंच होतं? त्वचेची निगाच ती. पण डॉक्टर मिन माझ्याच वयाच्या, जाड भिंगांचा चष्मा, त्यांनी अर्ज वाचून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तरीच तुमची त्वचा इतकी सुरेख आहे." यानंतर खरं कोण सांगेल? मी मान वाकडी करून लाजले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, छातीची, पोटाची, रक्ताची. मग हार्मोनचं मलम दिलं, पंपाच्या बाटलीतलं. रोज दंडाला एक दाब. सोबत झोपताना घ्यायची एक गोळी, गर्भाशयाचं अस्तर वाढू नये म्हणून. "आंघोळ करायची, अंग कोरडं करायचं, मलम लावून वाळू द्यायचं. मग तासभर तिथे पाणी लागू द्यायचं नाही. डोस कमीजास्त करावा लागतो, घाबरू नका. तुमचं माप सापडेपर्यंत आपण बदलत राहू."

तासभर. हा डॉक्टरी तास असणार, असं मी धरलं. आम्हा कामाच्या बायकांना पंधरा मिनिटं पुष्कळ. पहाटे मलम लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की निघायचं, आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या पाठीवर पाणी ओतेपर्यंत माझ्याही दंडावरून पाणी आणि घाम दोन्ही वाहत असायचे. महिन्याने डॉक्टर म्हणाल्या, रक्तात औषध दिसतच नाही. दोन दाब करा. पुढच्या महिन्यात तीन करा. मी मोक्पोच्या गटाराला इतकं महागाचं मलम पाजलं की तिथल्या उंदरिणींची तब्येत नक्की सुधारली असेल.

जुलैत मीच अक्कल चालवली. सकाळचं लागू पडत नाही, तर संध्याकाळी लावू. आता संध्याकाळी काय होतं, की शेवटचं गिऱ्हाईक गेलं की मी स्वतःला घासते. एकवीस वर्षांची सवय. दुसऱ्यांचा मळ काढून स्वतः मळकी घरी जाणारी बाई मी नव्हे. आणि ज्या दंडाला औषध लावायचं तो तर मी दोनदा घासायचे, गुलाबी होईपर्यंत, पिल्लाच्या पोटासारखा. औषधाला वाट मोकळी नको? मग त्यावर तीन दाब. जरा झोंबायचं. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, असं म्हणून मी त्यावर फुंकर घालायचे.

लागू पडलंच. पहिला आठवडा मी परी होते. घाम नाही, राग नाही, नवऱ्याने टोपी काढली. मग छाती अशी दुखायला लागली की टेबलावर वाकवेना. डोकं ठणकायचं. रडू कशानेही यायचं. मासळीबाजारात बाईने माझ्यासमोर ऑक्टोपस चिरला, त्याचे पाय हलत राहिले, आणि मी तिथेच उभी राहून हुंदके द्यायला लागले. मासळीवालीने मला तो फुकट दिला. घरी आल्यावर मी तो तिखटात परतून खाल्लाही, रडत रडत.

आणि मग रक्त दिसलं.

पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसणं म्हणजे काय, हे हमामात काम करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. येणाऱ्या बायका कशाने यायच्या बंद होतात ते आम्हाला कळतं. मी डॉक्टरांकडे धावले. त्यांनी तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या, तीनचा एक दाब केला. सगळं शांत झालं. ऑक्टोबरात हमामाच्या पाइपांचं काम निघालं, बारा दिवस सुट्टी. घासायला वाफ नाही, गरम पाणी नाही, मी नुसती अंगावर पाणी घेऊन मलम लावत होते. आणि पुन्हा भट्टी पेटली. नवऱ्याने टोपी घातली. डॉक्टरांनी दोन दाब केले, तेवढ्यात हमाम उघडला, मी दंड घासला, आणि पुन्हा रक्त.

"हे आकडे मला समजतच नाहीत," डॉक्टर मिन म्हणाल्या. त्यांच्यासमोर माझे एप्रिलपासूनचे कागद पसरलेले. "मलम सांगितलं तसंच लावता ना?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, माझ्याइतक्या स्वच्छ अंगावर तुमची एकही पेशंट औषध लावत नसेल."

"तसं नाही हो म्हणत मी." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ऐका. अस्तर थोडं जाड दिसतंय. दोन आठवडे देते. तरी रक्त थांबलं नाही तर मलम बंद, आणि आतला तुकडा काढून तपासायला पाठवायचा. मग हार्मोन पुन्हा द्यायचे की नाही ते नंतर ठरवू."

मी जिना उतरून रस्त्यावर आले आणि कठड्याला धरून उभी राहिले. मला भीती वाटली. तुकड्याची वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त भीती मलम बंद होण्याची. मलम नाही म्हणजे वाफेत उभं राहता येणार नाही, म्हणजे टेबल नाही. आणि आदल्याच दिवशी योम मालकिणीने पंखा मिटून सांगितलं होतं, "नव्या वर्षाच्या सणापर्यंत बघते. त्या दोन दिवसांत अख्खं गाव घासून घ्यायला येतं. तेव्हा टेबलावर उभी राहणारी बाई मला हवी." मला एकदम लसणाचा वास आला. घरी बसून मी दुसरं काय करणार होते?

दोनातला दीड आठवडा गेला. शनिवारची दुपार, खुंटीवर सहा किल्ल्या. मी सत्तावीस नंबर पुकारला. वाफेतून एक बारीकशी बाई डोळे किलकिले करत आली आणि टेबलाला हाताने चाचपून पाहिलं. "मावशी, पालथी होऊ की उताणी?"

आवाज ऐकला आणि माझी पाचावर धारण बसली. डॉक्टर मिन. चष्म्याशिवाय, आणि अर्थातच बाकी कशाशिवायही. त्यांना मी दिसत नव्हते, दिसत असेल तो काळा आणि गव्हाळ डाग. मी ठरवलं, तोंड उघडायचंच नाही. पण गिऱ्हाईक पालथं पडून वाट बघतंय. मग मी बुसानकडच्या बायकांसारखा हेल काढला. "पालथ्या व्हा जी."

पाठीवर हात फिरवला आणि माझं डोकं सटकलं. पाठ कोरडी ठणठणीत, वरवर ओली. हेल टिकवून म्हटलं, "बाई, तुम्ही भिजलाच नाहीत. मी मळ काढू की साल?"

"हौदात नाही उतरले. घरचा नळ गोठून फुटलाय, म्हणून आले इथे." त्यांनी मागे हात नेऊन कमरेखाली बोट लावलं. "इथे पट्टी आहे बघा औषधाची. त्याच्यामुळे फार गरम पाण्यात बसत नाही. तुम्हीसुद्धा तिच्या आसपास घासू नका हं."

पाहिलं तर नितंबावर नखाएवढी पारदर्शक पट्टी. डॉक्टर मिनसुद्धा आमच्याच नावेत. मला जरा बरं वाटलं, हे कबूल करते. पण माझ्या धंद्याचा प्रश्न होता. "का जी? तिथलं तर उलट आधी घासायला हवं. स्वच्छ कातडीत औषध चांगलं जिरेल की."

"चांगलं काय, भसाभसा जिरेल," त्या टेबलाला गाल टेकून सांगत होत्या. "वरची कातडी म्हणजे दाराचा उंबरा. तो घासून काढला की औषध मोजून मापून जात नाही, लोंढा जातो. एकाच्या जागी तिप्पट. मग छाती दुखते, डोकं दुखतं, रक्तसुद्धा जातं. आणि घाम, वाफ लागली तर उलटंच, वाहूनच जातं. म्हणून त्या जागेला हातच लावायचा नाही."

माझा हात त्यांच्या पाठीवर थांबला. शेजारच्या टेबलावर पाणी ओतल्याचा आवाज आला. मला एप्रिल दिसला, जुलै दिसला, ऑक्टोपस दिसला. न भिजलेल्याला घासलंस तर कातडं निघतं. एकवीस वर्षं मी हे दुसऱ्यांच्या पाठींवर पाळलं.

"मावशी? झालं का?"

"डॉक्टरीणबाई," मी माझ्या आवाजात म्हटलं, "तो लोंढा मीच."

त्या कोपरावर उठल्या. नाक माझ्या नाकापासून वीतभर येईपर्यंत पुढे आल्या. "तुम्ही? पिल-सूनबाई?" मग माझ्या मोज्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "त्वचेची निगा?"

"निगाच आहे ही," मी म्हटलं.

त्यांनी माझा दंड धरला, वाफेत डोळ्यांजवळ नेला आणि त्यावरून अंगठा फिरवला. माझा दंड त्या दिवशीही गुलाबी होता. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कधी घासता, किती घासता, मलम लावल्यावर किती वेळाने आत येता, सुट्टीत काय करता. मी काळ्या अंतर्वस्त्रांत उभी, त्या टेबलावर मांडी घालून, पाठ अर्धी लाल, आणि एकेक उत्तर ऐकून त्या कपाळाला हात लावत होत्या.

"तुमचे रिपोर्ट मी सोल शहरातल्या माझ्या सरांना पाठवले," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळेशी भांडले. यंत्र बिघडलंय म्हटलं. त्यांनी यंत्र उघडून दाखवलं."

"मी तापमापकाशी भांडत होते," मी म्हटलं.

यावर त्या हसल्या. पहिल्यांदा नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग टेबल. मला हसू येईना. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मलमाचं नव्हतं. "मलम बंद करणार का हो?" मी विचारलं. "माझं टेबल जाईल."

त्यांनी हसणं थांबवलं. "तुकडा तपासायचाच, त्यात सवलत नाही. अस्तर वाढलंय ते वाढलंय," त्या म्हणाल्या. "पण तो नीट निघाला तर मलम बंद करणार नाही. एक दाब. काम संपवून, घरी, झोपायच्या आधी. आणि तळहाताएवढी ही जागा घासायची नाही, आजपासून. किती मळ साठला तरी नाही. कबूल?"

किती मळ साठला तरी. एखाद्या भटजीला अंघोळ करू नकोस म्हणावं तसं ते मला वाटलं. पण मी मान हलवली.

दारातून योम मालकीण ओरडली, "पिल-सून, पाच किल्ल्या आहेत खुंटीवर. गप्पांचं टेबल झालंय का ते?"

मी डॉक्टरीणबाईंच्या पाठीवर चापट मारली. त्या मुकाट्याने कुशीवर झाल्या.

तुकडा काढला तेव्हा दुखलं, आणि निकाल येईपर्यंतचे नऊ दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. काही निघालं नाही. रक्त हळूहळू थांबलं. दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीला मी म्हटलं, माझा अर्ज द्या जरा. "त्वचेची निगा" खोडून तिथे लिहिलं, "हमामात मळ काढते." मोत्याचे कानातले त्या दिवशी नव्हते याचं थोडं वाईट वाटलं.

नव्या वर्षाच्या सणाच्या आदल्या दिवशी खुंटी किल्ल्यांनी वाकली होती. हौदात बायका मुळ्यांच्या जुड्यांसारख्या दाटलेल्या. सकाळपासून तेविसावं गिऱ्हाईक, आणि माझ्या अंगाला हमामाचाच काय तो घाम. तेविसावी पांग आजी. वळताना आधाराला तिने माझा दंड धरला आणि धरूनच राहिली. अंगठा फिरवला. मळाची एक शेवई सुटली, चांगली बोटभर, राखाडी. तिने ती उचलून उजेडात धरली.

"अगं बायांनो," आजी गरजली, "दिव्याखाली अंधार बघा. आमचा काढते आणि स्वतःचा साठवते."

सगळा हमाम वळला. दारात योम मालकीण उभी राहिली, पंख्यासकट. एकवीस वर्षांत माझ्या अंगावर कुणी मळाचा कण पाहिला नव्हता. जिभेच्या टोकावर पुन्हा त्वचेच्या निगेसारखं काहीतरी आलंच होतं. मग मला त्याचा कंटाळा आला.

"औषध लावते तिथे," मी मोठ्यांदा म्हटलं. "पाळी गेली माझी. अंगाची भट्टी झाली होती, म्हणून तुम्हाला अर्धं सोडून पळाले होते आजी. हार्मोनचं औषध आहे, ती जागा घासायची नसते. मी मूर्खासारखी सहा महिने घासली. आता वळा."

आजी वळली. मग गरम हौदातून कुणीतरी विचारलं, "कुठली डॉक्टर गं मावशी?" दुसरी म्हणाली, "मला वाटलं माझं हृदयच बिघडलंय." तिसरीने तिच्या सुनेचं गाऱ्हाणं काढलं, चौथीने स्वतःचं. योम मालकीण गल्ल्याकडे परत गेली. पण संध्याकाळी गल्ला बंद करताना तिने एक कागद पुढे सरकवला. "त्या डॉक्टरणीचा नंबर लिही," ती म्हणाली, "माझ्या एका मैत्रिणीला हवाय." आणि पंख्याने वारा घेत राहिली. भाचीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

सण झाल्यावर मी नासपतींची पेटी घेऊन योंग-जा ताईकडे गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ताई खाली बसून लसूण सोलत होती, मागची खिडकी उघडी, फेब्रुवारीचा वारा आत. एकसष्टाव्या वर्षीही. मी समोर बसले, सुरी घेतली, चार पाकळ्या सोलल्या.

"ताई," मी म्हटलं, "तू आळशी नव्हतीस. मी सगळ्यांना तसं सांगितलं. मला तुझं टेबल हवं होतं."

ती सोलत राहिली. मग म्हणाली, "माहीत होतं मला. खिडकी लावू का? गारठशील."

"राहू दे."

मी तिला सगळं सांगितलं, बॉयलर, ऑक्टोपस, लोंढा. दंड दाखवला. तिने माझी बाही आणखी वर सारून तो मळ जवळून पाहिला आणि खूप हसली, माझं शिक्षणच वाया गेलं म्हणाली. डॉक्टर मिनचा नंबर मी पेटीवर लिहिला. "या वयात आता काय," ती म्हणाली. "विचारून तर बघू," मी म्हटलं. "मी येते सोबत."

मोजा पिशवीतच होता, तो मी बाहेर काढला. "चल ताई, न्हाणीत. पाठ घासते तुझी."

ताईने लसणाची टोपली बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जाता जाता माझ्या हातातला मोजा काढून घेतला.

"आधी नीट भिजू दे," ती म्हणाली.